साखळीचा हिशोब, चौथी आवृत्ती: लियम रायनचं शून्य

आपल्या हिशोबाच्या पत्रकाची चौथी आवृत्ती एएफएलच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) २०१८ च्या अंतिम सामन्यावर चालवली आणि वेस्ट कोस्टच्या लियम रायनने डॉम शीडला दिलेल्या किकपुढे ०.०० उमटलं. ज्या किकने सामना फिरला, तिची किंमत शून्य! सूत्र तपासलं, बरोबर. नोंदी तपासल्या, त्याही बरोबर. म्हणजे चूक हिशोबाच्या मुळातच होती. ती सापडली आहे, पण वाट जरा लांबची आहे.

गोलपर्यंतची ती साखळी सगळ्यांना पाठ आहे, तरी आकड्यांसाठी एकदा मांडून ठेवू. वेस्ट कोस्ट ७२, कॉलिंगवूड ७४, शेवटची दोन-अडीच मिनिटं. कॉलिंगवूडची किक वेस्ट कोस्टच्या बचावात येते आणि जेरेमी मॅकगव्हर्न मधल्यामध्ये मार्क घेतो, म्हणजे किकचा चेंडू खाली पडण्याआधी झेलतो. तिथून लांब किक नेथन व्हार्डीकडे, व्हार्डीकडून रायनकडे, रायनकडून पॉकेटमध्ये (गोलशेजारच्या कोपऱ्यात) शीडकडे. शीडचा गोल, मग आणखी एक बिहाइंड (कडेच्या खांबांमधून गेलेला, एका गुणाचा), आणि ७९-७४. वेस्ट कोस्टच्याच ल्यूक शुईला नॉर्म स्मिथ पदक (अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) मिळालं आणि वाद तेव्हापासून चालूच आहे: शुई, शीड की मॅकगव्हर्न?

फँटसी खेळात प्रत्येक कृतीला ठरलेले गुण असतात, त्यांनी हा वाद सुटत नाही. किक ३, मार्क ३, हँडबॉल (मुठीने मारून दिलेला चेंडू) २, टॅकल ४, गोल ६. या साखळीत मॅकगव्हर्न ६, व्हार्डी ६, रायन ६, शीड १२. पहिल्या तिघांत फरकच नाही. प्रतिस्पर्ध्याच्या तोंडातून काढलेला मार्क आणि मोकळ्या मैदानात मागे ढकललेल्या चेंडूवरचा मार्क, दोन्ही तीनच गुणांचे. कारकुनी हिशोब आहे हा. म्हणून आपलं पत्रक 'चेंडू आधी किती गुणांच्या जागी होता आणि नंतर किती' या तत्त्वावर चालतं. एएफएलचं अधिकृत प्लेअर रेटिंगही याच अंगाने जातं, फक्त त्यांच्याकडे प्रत्येक हालचालीची नोंद आहे आणि आपल्याकडे सामन्याचं चित्रण आणि पॉजचं बटण.

आधी एक छोटा विजय, कारण तो झाला नसता तर पुढचं काहीच जुळलं नसतं.

पत्रकाची कसोटी सोपी आहे. दोन्ही संघांच्या सगळ्या हालचालींची बेरीज वेस्ट कोस्टच्या बाजूने केली की नेमका विजयाचा फरक यायला हवा, इथे ५. येत होते ६. एक गुण कुठून तरी गळत होता. उत्तर बिहाइंडमध्ये निघालं. बिहाइंडला आपण सरळ १ देत होतो, पण त्यानंतर किक-इन (गोलपासून खेळ पुन्हा सुरू करणारी किक) समोरच्या संघाला मिळतं आणि त्या स्थितीची किंमत त्यांच्या बाजूने ०.२ धरली आहे. ही ०.२ कुणाच्याच खात्यातून वजा होत नव्हती. वेस्ट कोस्टचे १३ बिहाइंड म्हणजे २.६, कॉलिंगवूडचे ८ म्हणजे १.६. फरक बरोबर १.०. आता बिहाइंड ०.८ चा धरला आहे आणि बेरीज ५ वर बसली. क्वार्टर संपताना चेंडू कुणाच्या तरी हातात असतो, त्याची उरलेली किंमत 'सायरन' नावाच्या वेगळ्या ओळीत टाका, नाहीतर तिथूनही थोडं थोडं झिरपतं.

आता रायन.

साखळीतल्या सहा स्थितींना वेस्ट कोस्टच्या बाजूने आपण दिलेल्या किमती अशा. कॉलिंगवूडची किक हवेत असताना उणे १.२. मॅकगव्हर्नच्या हाती चेंडू आल्यावर ०.४. व्हार्डीकडे १.३, रायनकडे २.४, शीडकडे पॉकेटमध्ये २.७, गोल झाल्यावर ६. एकूण प्रवास ७.२ गुणांचा, आणि तो चौघांत वाटायचा. मॅकगव्हर्नच्या मार्कचे १.६ आणि शीडच्या गोलाचे ३.३ यांवर कुणाचाच वाद नाही. वाद मधल्या तीन किकांचा. किक मारणाऱ्याला किती आणि मार्क घेणाऱ्याला किती?

पहिल्यांदा निम्मं-निम्मं केलं. मॅकगव्हर्न २.०५, व्हार्डी १.००, रायन ०.७०, शीड ३.४५. रायन तळाला. ज्याने उंच उडीचा तो मार्क पाहिला आहे, त्याला हे पटणार नाही. मग गर्दीतल्या मार्कला ७० टक्के मार्कवाल्याला आणि ३० किकवाल्याला, मोकळ्या मार्कला उलटं. व्हार्डी आणि रायन या दोघांचे मार्क गर्दीतले धरले, शीडचा मोकळा. रायन ०.९८ वर आला, व्हार्डी ०.९६. जरा बरं वाटलं.

आणि तेवढ्यात कोनाचं सूत्र घातलं.

शीडच्या जागेवरून गोल होण्याची शक्यता ४० टक्के धरली होती ती अंदाजाने. पॉकेटमधून गोल किती 'उघडा' दिसतो हे मोजता येतं. मधल्या दोन खांबांतलं अंतर ६.४ मीटर. गोलरेषेपासून समोरचं अंतर गुणिले ६.४, भागिले खेळाडूपासून गोलच्या मध्यापर्यंतच्या अंतराचा वर्ग, गुणिले ५७.३, की अंशांत कोन मिळतो. उदाहरण घ्या: गोलरेषेपासून १५ मीटर पुढे आणि मध्यापासून ३५ मीटर बाजूला. अंतर साधारण ३८ मीटर, कोन ३.८ अंश. तेच ३८ मीटर सरळ समोरून असते तर ९.६ अंश. गोल निम्म्याहूनही अरुंद. (हे सूत्र लांबून चालतं, दहा मीटरच्या आत पूर्ण त्रिकोणमिती वापरा.) म्हणून शक्यता ३५ टक्क्यांवर आणली, बिहाइंडची ४० तशीच ठेवली. ०.३५ गुणिले ६ अधिक ०.४ गुणिले ०.८, म्हणजे २.४.

रायनच्या हाती चेंडू असताना स्थिती होती २.४. त्याच्या किकनंतरही २.४. हेच ते शून्य.

पहिला उपाय सुचला तो रायनच्या स्थितीवर. गोलपासून दूर, कडेच्या अंगाला घेतलेल्या मार्कला २.४ देणं मुळातच उदारपणाचं होतं. ते 'आक्रमणाच्या भागात ताबा' या सरसकट सरासरीतून आलं होतं आणि त्या सरासरीत गोलच्या तोंडाशी घेतलेले मार्कही मिसळलेले. ती चौकट दोन भागांत तोडली आणि रायनची स्थिती १.८ वर आणली. पुन्हा वाटप: मॅकगव्हर्न १.८७, व्हार्डी ०.७८, रायन ०.७७, शीड ३.७८. रायनला किकचे ०.४२ मिळाले पण मार्कचे ०.७७ वरून ०.३५ झाले. बेरीज तीच ०.७७! डोंगर पोखरून उंदीरसुद्धा नाही निघाला.

मग मॅकगव्हर्नच्या ओळीकडे नीट पाहिलं तेव्हा उमगलं. त्याच्या मार्कला आपण पहिल्या दिवसापासून वेगळा न्याय देत होतो. त्याचा हिशोब 'चेंडू हवेत असताना उणे १.२' इथून सुरू होतो, हातातून हातात नाही. हवेतल्या चेंडूला किंमत आहे, आणि ती फक्त प्रतिस्पर्ध्याच्या किकला लावली होती. स्वतःच्या संघाच्या किकला ७०-३० चं ठिगळ. एका पत्रकात दोन कायदे.

आता एकच कायदा. प्रत्येक किकचे दोन तुकडे: पायातून सुटेपर्यंत किकवाल्याचं, हवेतून हातात येईपर्यंत मार्कवाल्याचं. व्हार्डीने रायनकडे मारलेली किक घ्या. मार्क झाला तर १.८. नाही झाला तर चेंडू जमिनीवर किंवा कॉलिंगवूडच्या हाती, ते उणे ०.४ धरलं. गर्दीत मार्क मिळण्याची शक्यता एक तृतीयांश. म्हणजे हवेतली किंमत ०.३३. व्हार्डीकडे चेंडू होता तेव्हा १.३, म्हणून त्याच्या किकचे उणे ०.९७. रायनच्या मार्कचे १.८ वजा ०.३३, म्हणजे १.४७. मॅकगव्हर्नच्या लांब किकलाही तेच लावायचं: मार्क झाला तर १.३, नाही तर उणे ०.५, हवेत ०.१०. किकचे उणे ०.३, व्हार्डीच्या मार्कचे १.२. रायनची शीडकडे गेलेली किक मोकळ्या खेळाडूकडे होती, तिथे ७०-३० तसंच राहू दिलं आहे, कारण तिथे हवेतली आणि हातातली किंमत जवळपास सारखीच.

नवी वाटणी: शीड ३.७८, रायन १.८९, मॅकगव्हर्न १.३०, व्हार्डी ०.२३. बेरीज ७.२०, पैचाही फरक नाही.

रायन दुसरा आला याचा आनंद आहेच, पण खरी मौज त्याच्या ०.४२ मध्ये आहे. लोक उडी आठवतात. उडी मारून खाली आल्यावर लगेच पॉकेटमध्ये मोकळा माणूस शोधला, ते कुणी आठवत नाही. अधिकृत नोंदीत तिथे फक्त 'गोल असिस्ट १' आहे.

व्हार्डीचे चाहते रागावतील. रागवा, पण आकडा वाचून. त्याच्या मार्कला १.२ आहेत, वजा झाली ती गर्दीत मारलेली किक. घड्याळ संपत आलेलं असताना गर्दीत मारण्यावाचून पर्याय काय होता, हा प्रश्न रास्त आहे आणि पत्रकाला घड्याळ कळत नाही. वेस्ट कोस्टचा नॅटनुई जायबंदी, म्हणून व्हार्डी आणि लायसेट हे दोन रकमन (वर उडवलेल्या चेंडूसाठी झुंजणारे) खेळले. हिटआउटला (तो चेंडू सोबत्याकडे टोलवणं) अजून पत्रकात जागाच नाही, तिथे या दोघांचं थोडं देणं लागतो.

घड्याळाचा गुणक लावावा असा विचार इथपर्यंत पक्का होता. दोन गुणांनी मागे, दोन मिनिटं शिल्लक, तेव्हाचा गोल आणि दुसऱ्या क्वार्टरमधला गोल सारखेच कसे? पण कागदावर करून पाहिलं की शेवटची पाच मिनिटं उरलेल्या सामन्याला गिळून टाकतात. शुईचे ३४ डिस्पोजल (किक आणि हँडबॉल मिळून) धुळीला मिळतात आणि पदक शीडला देऊन सगळ्यांनी घरी जायचं. गुणक रद्द. वेगळा रकाना ठेवू, बेरजेत धरायचा नाही.

शीडच्या मार्कच्या वेळी वेस्ट कोस्टच्या रिओलीने कॉलिंगवूडच्या मेनार्डला अडवलं का, यावर पत्रक गप्प आहे आणि गप्पच राहील. पंचांनी फ्री किक दिली नाही, सार्वजनिक नोंदीत अशा अडवणुकीचा रकाना नाही, आणि हाताने गुण घालायला सुरुवात केली की मग प्रत्येक जण आपापल्या संघाचा हात घेऊन येतो.

नोंदी करणाऱ्यांसाठी चार गोष्टी. स्कोअरचा रकाना आयात करण्याआधी 'मजकूर' करा. ११.१३ आणि ११.८ (आधी गोल, मग बिहाइंड) दशांश म्हणून आत गेले की ११.८ मोठा ठरतो आणि कॉलिंगवूड सामना जिंकतं. ११.१० चा तर ११.१ होतो, दहा बिहाइंडचा एक. खेळाडू नावाने जोडू नका, आयडी क्रमांकाने जोडा. २०१८ मध्ये जॉश केनेडी दोन होते, एक वेस्ट कोस्टचा आणि एक सिडनीचा, आणि टॉम लिंचही दोन. नावाने जोडलं की दोघांचा मिळून एक महामानव तयार होतो. २०२० चे सामने तुलनेत घेणार असाल तर क्वार्टर २० ऐवजी १६ मिनिटांचे होते, सगळे आकडे १.२५ ने गुणा. आणि २०१९ च्या आधीच्या आणि नंतरच्या सेंटर बाउन्सच्या (मैदानाच्या मधोमध होणारी खेळाची सुरुवात) किमती एका पोत्यात घालू नका. ६-६-६ चा नियम (अशा सुरुवातीला मैदानाच्या तिन्ही भागांत प्रत्येक संघाचे सहा-सहा खेळाडू) आल्यावर मधून सुटलेल्या चेंडूपुढे मोकळी जागा जास्त असते.

साधनांबद्दल: मूळ आकड्यांना एएफएल टेबल्स या संकेतस्थळासारखं दुसरं काही नाही. दिसायला जुनाट, पण रकाने जागचे हलत नाहीत. इंटरसेप्ट (समोरच्याचा तोडलेला चेंडू) आणि मीटर गेन्ड (चेंडू किती पुढे नेला) हवे असतील तर फूटीवायर हे संकेतस्थळ. आर ही संगणकभाषा येत असेल तर तिचं फिट्झरॉय हे पॅकेज दोन्हीकडून ओढून देतं. येत नसेल तर एका सामन्यासाठी शिकत बसू नका, हाताने उतरवा. साखळ्या तशाही हातानेच लिहाव्या लागतात: वेळ, खेळाडू, कृती, मैदानाची चौकट, दबाव, निकाल. सहा रकाने पुरेत. दबावाला 'आहे' किंवा 'नाही' एवढंच. पाच पायऱ्या केल्या की दोन माणसांच्या नोंदी कधीच जुळत नाहीत.

पुढच्या वेळी पहिले तीन क्वार्टर पुरे करून शुईचा निकाल लावायचा असं ठरलं होतं. पण हवेतल्या किमतीचा कायदा आल्यावर हात आधी दुसरीकडेच गेला: शेवटच्या क्वार्टरमधला वेस्ट कोस्टच्या जॅक डार्लिंगचा सुटलेला मार्क. गोलसमोर, अंगावर आलेला चेंडू. नोंदपुस्तकात त्याचं नाव-निशाण नाही, फँटसीत शून्य. आता मोजता येतं. अशा मार्कची शक्यता ९० टक्के धरा, त्यानंतरच्या शॉटची किंमत ५.१८ (८५ टक्के गोल, १० टक्के बिहाइंड), सुटला तर ०.५. हवेत ४.७१. सुटल्यावर डार्लिंगच्या खात्यात उणे ४.२.

शीडचा गोल ३.६ चा. सुटलेला एक मार्क त्याहून जड. ९० टक्के जास्त वाटत असतील तर ७५ करा, तरी उणे ३.५ येतात. ०.५ वर मात्र शंका आहे: गोलच्या तोंडाशी पडलेला चेंडू जास्त किमतीचा असायला हवा. कुणाकडे तशा चेंडूंच्या हाताने केलेल्या नोंदी असतील तर द्या, वीस-पंचवीस प्रसंगही चालतील.