तुम्ही विचारलंत म्हणून : भिंतीवरचा अडुसष्ट

आमच्या शाळेत खेळाचं साहित्य ठेवायची एक खोली आहे. तिथे कॅरमबोर्डाच्या वर, खिळ्याला एक काळी जर्सी टांगलेली आहे. पाठीवर मोठा ६८. पालक येतात, सरपंच येतात, केंद्रप्रमुख येतात आणि सगळे एकच विचारतात, "सर, हे अडुसष्ट काय हाय? अन् बर्फावरच्या हॉकीचं आपल्या वणीत काय काम?" उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून आज नीट लिहितो.

जर्सी यारोमीर यागर या चेक हॉकीपटूची. ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आणली. तो अमेरिकेत पिट्सबर्गला नोकरीला आहे. दिवाळीत गावी आला तेव्हा माझ्या हातात ठेवून म्हणाला, "सर, हा माणूस तुम्हाले आवडन." तोवर बर्फावरची हॉकी मी पाहिलेली नव्हती. आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो; बर्फ म्हणजे लग्नातली लादी, नाहीतर गोळेवाला. मग हरभऱ्याला पाणी द्यायच्या रात्री सुरू झाल्या. शेतीची लाईन रात्रीच येते, मोटर लावून वावरात जागायचं असतं. तिकडे संध्याकाळी सात वाजता सामना सुरू होतो तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. धुऱ्यावर कांबळ पांघरून बसून मी मोबाईलवर हा खेळ शिकलो.

खेळ थोडक्यात असा : गोलकीपर धरून सहा-सहा खेळाडू, वीस मिनिटांचे तीन भाग, चेंडूच्या जागी रबराची चकती. मैदान दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद. खेळाडू जेमतेम पाऊण मिनिट जीव तोडून पळतो, धापा टाकत बाहेर येतो आणि सामना चालू असतानाच दुसरा आत उतरतो. आमच्या पोरांना हे सांगायला वेळ लागला नाही. कबड्डीची चढाई तीस सेकंदांची असते. तेवढ्यात छाती कशी फुटते ते त्यांना ठाऊक आहे.

तर हा यागर. जन्म १९७२, गाव क्लाद्नो, प्रागजवळचं. कोळशाचं आणि पोलादाचं गाव. वणीच्या माणसाला हे वाचूनच थांबावं लागतं, कारण आमच्याकडे कपाशीच्या वावराला लागून कोळशाच्या खाणी आहेत आणि पांढऱ्या बोंडांवर काळी धूळ बसते. यागरचे आजोबा शेतकरी. चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राजवट आली, त्यांची शेती सरकारने घेतली, आणि ते वाकले नाहीत म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं. १९६८ साली ते वारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे देशात शिरले. नातवाचंही नाव यारोमीरच. तो अमेरिकेत खेळायला गेला तेव्हा त्याने पाठीवर घालायला ६८ मागून घेतला. वावर गेलेल्या आजोबाची आठवण पोरगं आयुष्यभर पाठीवर घेऊन खेळलं. एवढं सांगितलं की आमच्या पारावरचे म्हातारे मान हलवतात, त्यांना पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

त्याच्या आधीच्या चेकोस्लोव्हाक खेळाडूंना परदेशी जायचं तर बहुतेकदा पळूनच जावं लागे. पीटर आणि अँटन स्टास्नी हे भाऊ १९८० मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकहून निसटले आणि कॅनडात क्वेबेकला पोचले. मागे घरच्यांचं काय होईल याचा घोर, आणि परतीची वाट बंद. यागरचं नशीब असं की १९८९ च्या नोव्हेंबरात ती राजवट कोसळली. १९९० च्या जूनमध्ये पिट्सबर्ग पेंग्विन्स या संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं आणि अठरा वर्षांचं हे पोरगं उजळ माथ्याने देशाबाहेर पडलं.

आणि तिथे रडकुंडीला आलं.

मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. अंगात ताकद होती, रोज शेकडो बैठका काढलेल्या मांड्या होत्या, संघात मारियो लेम्यूसारखा महान खेळाडू होता. पण इंग्रजी येत नव्हतं. दिवसभरात मनातलं बोलायला माणूस नाही. क्लबच्या लोकांच्या लक्षात आलं की हे पोरगं कोमेजतंय. त्यांनी काय केलं? भाषण दिलं नाही, परत पाठवलं नाही. डिसेंबर १९९० मध्ये त्यांनी कॅल्गरीच्या संघाकडून यिर्झी हर्दिना नावाचा वयाने मोठा चेक खेळाडू घेतला आणि त्याच्या बदल्यात आपला एक खेळाडू दिला. हर्दिना चांगला खेळाडू होताच, पण त्याला आणण्यामागे मोठं कारण हे होतं की यागरला कोणीतरी आपल्या भाषेत बोलणारं मिळावं. पुढे आईसुद्धा पिट्सबर्गला येऊन राहिली. त्या मोसमात यागरने सत्तावीस गोल केले आणि १९९१ च्या उन्हाळ्यात पेंग्विन्सने पहिल्यांदा स्टॅन्ली कप, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या हॉकी लीगचं अजिंक्यपद, जिंकला. १९९२ मध्ये पुन्हा.

हे वाचलं त्या रात्री मोटर बंद करायची मला आठवण राहिली नाही. वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या तुरीत गेलं. कारण मला माझा एक पोरगा आठवत होता.

आठशे मीटर धावणारा होता. अनवाणी, खरबडीत रस्त्यावर तो जे धावायचा ते मी तीस वर्षांत दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका निवासी प्रशिक्षण केंद्रात त्याची निवड झाली. बापाने बकरी विकून बूट घेऊन दिले. मी त्याला एसटीत बसवून दिलं आणि छाती फुगवून घरी आलो. एक्केचाळीस दिवसांनी पोरगा शाळेच्या फाटकात उभा. "काय झालं रे?" तर खाली मान घालून म्हणाला, "सर, थे पोट्टे माह्या बोलन्याले हासते. मले-तुले म्हनलं का समदे हासते. मंग मी बोलनंच सोडून देल्लं." मी त्याला मन घट्ट करायला सांगितलं. खेळाडूने असं हळवं असू नये, असंही म्हणालो. तो परत गेला नाही. आज तो खाणीतला कोळसा वाहणारा ट्रक चालवतो. दिसला की हात करतो, मीही करतो.

मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. स्नायू कसे तयार होतात, दम कसा वाढवायचा, दुखापत कशी बांधायची, सगळं शिकलो आणि ते आजही कामी येतं. पण त्या पोराला पळण्यात काही कमी नव्हतं. त्याला तिथे एक माणूस हवा होता, ज्याच्यासमोर "मले भूक लागली" म्हणता आलं असतं. तो शोधणं माझं काम होतं. मी त्याच्या बुटांचा नंबर तीनदा तपासला आणि हे तपासलं नाही.

यागरची पुढची कारकीर्द तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, मी भराभर सांगतो. अमेरिका-कॅनडातल्या त्या मोठ्या लीगमध्ये तो २०१८ पर्यंत एकूण नऊ संघांकडून खेळला : १,७३३ सामने, ७६६ गोल, १,९२१ गुण (स्वतः गोल केला किंवा दुसऱ्याच्या गोलाला पास दिला, की एक गुण). गुणांत त्याच्या पुढे एकटा वेन ग्रेट्झ्की. मधली तीन वर्षं सैबेरियातल्या ओम्स्कला. १९९८ मध्ये जपानातल्या नागानोला आपल्या देशाला ऑलिम्पिक सुवर्ण. शेवटी तो क्लाद्नोला परतला, गावच्या क्लबची मालकी घेतली आणि पन्नाशी उलटल्यावरही त्या क्लबसाठी बर्फावर उतरत राहिला. लोक त्याचे गोल मोजतात, मला हे परतणं मोठं वाटतं. पैसा मिळवलेली माणसं आमच्याही तालुक्यातून गेली आहेत, पण गावच्या मैदानाला कुंपण घालायला कितीजण आले?

१८ फेब्रुवारी २०२४ ला पिट्सबर्गने ६८ क्रमांक कायमचा राखून ठेवला, यापुढे तो तिथे कोणी घालणार नाही. तिकडे संध्याकाळ, आपल्याकडे १९ तारखेची पहाट. शिवजयंतीची. पताका लावायला पोरं अंधारातच शाळेत जमली होती. मी मोबाईल मधे ठेवला आणि सगळे वाकून पाहू लागले. छताकडे चढत जाणारा तो आकडा पाहून सातवीतल्या एकाने विचारलं, "सर, त्याचा तो भाषेवाला दोस्त बी हाय का तिथं?" मी पोरांना हर्दिनाची गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे.

आता मी कोणालाच एकटं पाठवत नाही. निवड एकाची झाली तर त्या शहरात आपल्या भागातलं कोण आहे ते आधी शोधतो. हॉटेलात काम करणारा असो, बँकेतला असो, चालतो. त्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून देतो. सोबत जवसाची चटणी.

यंदा जूनमध्ये दोन मुली नागपूरला वसतिगृहात गेल्या. दोघींना एक खोली मिळावी म्हणून मी दोनदा जाऊन आलो. आमची एक जुनी विद्यार्थिनी तिथे दवाखान्यात नर्स आहे, ती दर रविवारी त्यांना भेटते. तरी तिसऱ्या आठवड्यात धाकटीचा फोन आला. आवाज ओला होता. मी सरावाचं काही विचारलं नाही. बराच वेळ ती गप्प होती, मग म्हणाली, "सर, आमची गाय याली का?"

मी म्हटलं, थांब, पाहून सांगतो. गाडी काढली, तिच्या घरी गेलो, गोठ्यात वाकून पाहिलं आणि तिथूनच तिला फोन लावला. कालवड झाली होती, कपाळावर पांढरा टिळा. तो केवढा आहे, कान कसे आहेत, कोणावर गेली आहे, असं ती अर्धा तास विचारत राहिली.