कोल्हापूर ते मांडवी: मित्रांबरोबर कॅसिनोची दोन दिवसांची सहल

कॅसिनोच्या सहलीचा बेत ठरला की कोल्हापुरात आधी गाडी कुणाची यावर चर्चा होते आणि पैशाचा विषय आंबोलीच्या घाटात निघतो. क्रम उलटा हवा. गाडी कुणाचीही चालेल, पण कोण किती पैसे घालवणार हे निघायच्या आधी चहाच्या टपरीवरच ठरवून घ्या. गोव्यात पोचल्यावर, त्यातून दोन पेग झाल्यावर, हा विषय कुणीच नीट बोलत नाही.

पैसे तीन वाटण्यांत ठेवायचे. पहिली कॉन्ट्री: पेट्रोल, हॉटेल, जेवण. ती एकाच्या हातात, आणि तो माणूस शक्यतो न खेळणारा. दुसरी वाटणी प्रवेशाची. तिसरी खेळायची, प्रत्येकाची वेगळी आणि रोखीत. ती पूर्ण गेली तरी सोमवारी घरी तोंड लपवावं लागणार नाही, एवढीच असावी. तिचे दोन लिफाफे करा, एक जेवणाआधीचा आणि एक नंतरचा. एटीएम कार्ड हॉटेलच्या खोलीत राहू दे, मोबाईलवरच्या यूपीआयची मर्यादा आदल्या दिवशीच कमी करून ठेवा. आत गेल्यावर उसनवारी बंद, हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. ‘भावा, दोन हजार दे, लगेच फिरवतो’ हे वाक्य ऐकलं की कॉन्ट्रीवाल्याने कानावर हात ठेवायचे. सगळ्यांचे पैसे एकत्र करून एकाच्या हाताने खेळायची कल्पनाही टाळा. हरला तर तो एकटा दोषी आणि जिंकला तर वाटणीवरून वाद, दोन्हीकडून मैत्रीच खर्ची पडते.

एवढ्या लांब जायचं कारण साधं आहे. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. १९७६ साली राज्याने कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. कोल्हापूरकराला जवळचा कायदेशीर पर्याय म्हणजे गोवा. तिथेही भेद आहे: कायद्याने जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांत फक्त इलेक्ट्रॉनिक यंत्रांवरचे खेळ चालतात, टेबलावरच्या खेळांना परवानगी पाण्यातल्या बोटींवर. म्हणून खरी गंमत पणजीत मांडवीवर उभ्या असलेल्या बोटींत आहे. डेल्टिन रॉयल, डेल्टिन जॅक, कॅसिनो प्राइड, बिग डॅडी ही नेहमी ऐकू येणारी नावं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मोठी बोट धरावी. टेबलं जास्त म्हणजे कमी पैशांचं टेबल मिळायची शक्यता जास्त.

रस्त्याचं सांगायचं तर आंबोलीमार्गे जाणं सोयीचं. शिवाजी विद्यापीठाकडून महामार्गाला लागून कागल, कोगनोळीचा टोल, निपाणी, तिथून उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवीला गोव्यात प्रवेश. सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतर पडतं. थांबे धरून साडेपाच-सहा तास ठेवा. राधानगरी-दाजीपूर-फोंडाघाट रस्ता देखणा आहे, पण वळणं जास्त आणि मागे बसणाऱ्यांपैकी एकाला हमखास मळमळतं. फुलेवाडीवरून गगनबावड्याचा पर्यायही आहे. पावसाळ्यात कुठल्याही घाटात दरड येऊ शकते, तेव्हा सकाळी निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारूनच गाडी काढा. आंबोलीत जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी धबधब्याच्या गर्दीत तासभर सहज जातो. पर्वरीत संध्याकाळी वाहतूक तुंबते. सकाळी सातला निघालात तर दुपारी एक-दीडपर्यंत पणजी गाठता येते आणि ही वेळ जपण्यामागे कारण आहे: दुपारी दोन तास झोप काढलेला माणूस रात्री शहाण्यासारखा खेळतो.

वार शक्यतो सोमवार ते गुरुवार निवडा. शनिवार-रविवारी प्रवेश महाग, टेबलाभोवती तीन रांगा आणि टेबलाची किमान बोलीही, म्हणजे एका डावाला लावायची कमीत कमी रक्कम, वाढवलेली. नाताळ ते नवीन वर्ष हा काळ तर सोडूनच द्या. हॉटेल पणजीतच घ्या, दयानंद बांदोडकर मार्गावरच्या जेटीपर्यंत चालत जाता येईल असं. कळंगुटला राहिलात तर पहाटे परतायला टॅक्सीवाला सांगेल तो भाव, नाहीतर प्यायलेल्या माणसाच्या हाती स्टिअरिंग. नदीकाठी गाडी लावायला जागा मिळणं कठीण असतं; ती हॉटेलातच उभी राहू दे.

प्रवेशाच्या अटी दारात कळण्यापेक्षा घरी कळलेल्या बऱ्या. वय एकवीस पूर्ण हवं आणि मूळ ओळखपत्र जवळ हवं. आधारच्या फोटोवर भागेल असं धरून जाऊ नका. गटातला कुणी गोव्याचा रहिवासी असेल तर त्याला आत सोडत नाहीत, फेब्रुवारी २०२० पासून स्थानिकांना बंदी आहे. पॅन कार्ड बरोबर असू द्या, मोठी रक्कम जिंकली तर लागतं. पुरुषांना हाफ पँट, बिनबाह्यांचा शर्ट आणि चप्पल बऱ्याच बोटींवर चालत नाही. त्यामुळे करकरणारी नवीकोरी कोल्हापुरी घालून ऐटीत जायचा बेत असेल तर तो जेटीवरच मोडेल. बूट घाला, पायताण गाडीत ठेवा.

प्रवेशाचे दर वार आणि पॅकेजप्रमाणे बदलतात. साधारण दोन-तीन हजारांपासून सुरुवात आणि वर मर्यादा नाही. त्यात जेवण, ठरावीक दारू आणि काही चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, येतात. या चिप्स बहुतेक वेळा एकदाच खेळायच्या असतात: लावायच्या, जिंकलं तर जिंकलेली रक्कम खऱ्या चिप्समध्ये मिळते, पण मूळ चिप रोखीत बदलून देत नाहीत. तिकीट काढताना दोन प्रश्न स्पष्ट विचारा. पॅकेजातली किती रक्कम बदलता येणारी आहे? आणि मी रोख दहा हजार दिले तर हातात किती रुपयांच्या चिप्स पडतील? दुसरा प्रश्न जीएसटीमुळे. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्सच्या पूर्ण दर्शनी किमतीवर २८ टक्के कर होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. हा बोजा बोट स्वतः किती उचलते आणि तुमच्यावर किती टाकते, त्यावर तुमच्या संध्याकाळची लांबी ठरते. पूर्ण कर तुमच्याकडून घेतला तर दहा हजारांत ७,१४३ च्या चिप्स पडतील. जिंकलेल्या चिप्सने पुन्हा खेळलात तर त्यावर हा कर परत लागत नाही.

जेटीवरून छोटी फेरीबोट मोठ्या बोटीपर्यंत नेते. नदी आहे, समुद्र नाही, त्यामुळे हेलकाव्यांची भीती नको. आत गेल्यावर लगेच बसू नका. एक फेरी मारा, प्रत्येक टेबलावरची पाटी वाचा. किमान आणि कमाल बोली तिथे लिहिलेली असते. रूलेटला, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठे थांबेल त्यावर पैसे लावायच्या खेळाला, किमान बोली दोन प्रकारची असते: आकड्यांवर लावायची आणि लाल-काळा किंवा सम-विषम यांवर लावायची. पन्नासची चिप दिसली म्हणून बसलेल्याला लालवर किमान पाचशे लावायला सांगतात, तेव्हा तोंड बघण्यासारखं होतं.

पैसे डीलरच्या, म्हणजे टेबल चालवणाऱ्या कॅसिनोच्या माणसाच्या, हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. कॅमेऱ्याला दिसायला हवेत. ‘नो मोअर बेट्स’ म्हटल्यावर चिपला हात लावायचा नाही. फोटो-व्हिडिओ बंद. रूलेटच्या रंगीत चिप्स त्या टेबलापुरत्याच असतात आणि प्रत्येक खेळाडूचा रंग वेगळा, कारण आकड्यांवरची गर्दी कुणाची ते कळावं. उठताना त्याच टेबलावर बदलून घ्या. खिशात घालून दुसऱ्या टेबलावर नेल्यात तर तिथे त्यांना काही किंमत नाही.

कुठला खेळ किती खातो, हे गणित पाठ करून जा. रूलेटच्या चाकावर एक शून्य असेल तर ३७ खाने, दोन शून्यं असतील तर ३८. आकडा लागला तर दोन्हीकडे पस्तीसपटच मिळतात. म्हणून एका शून्याच्या चाकावर घराचा, म्हणजे कॅसिनोचा, फायदा लावलेल्या रकमेच्या सरासरी २.७० टक्के, दोन शून्यांच्या चाकावर ५.२६. तासाला चाळीस फेऱ्या, प्रत्येकी पाचशे रुपये लावले तर दोन शून्यांच्या चाकावर सरासरी १,०५० रुपये गेले असं धरा. एवढ्यात तासाभराची करमणूक परवडते का, हा खरा प्रश्न. बकाराला, म्हणजे बँकर आणि प्लेअर या दोन हातांपैकी कुठला जिंकेल त्यावर लावायच्या पत्त्यांच्या खेळाला, बँकरवर १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४ आणि ‘टाय’वर (दोघांची बरोबरी) तब्बल १४ च्या पुढे. टायला हात लावू नका. अंदर-बाहरमध्ये एक पत्ता उघडून त्याचा जोडीदार येईपर्यंत दोन बाजूंना आळीपाळीने पत्ते टाकतात; पहिला पत्ता ज्या बाजूला पडतो ती बाजू ५१.५ टक्के वेळा जिंकते, म्हणून तिथे रुपयाला नव्वद पैसे देतात. दुसऱ्या बाजूला रुपयाला रुपया. हिशोब केला तर पहिली बाजू थोडी स्वस्त, सुमारे २.१५ टक्क्यांना, दुसरी तीनला.

ब्लॅकजॅक, म्हणजे पत्त्यांची बेरीज २१ च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त करायचा खेळ, नीट खेळलं तर सगळ्यांत स्वस्त, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. नीट म्हणजे मनाने नाही, ठरलेल्या नियमाने: डीलरचा उघडा पत्ता सत्ती किंवा वरचा असेल आणि तुमची बेरीज १२ ते १६ असेल तर पत्ता घ्या; डीलरला चौकी ते छक्की असेल तर थांबा; एक्क्यांची किंवा अठ्ठ्यांची जोडी आली तर फोडा, म्हणजे तिचे दोन वेगळे हात करा, दहाची जोडी कधी फोडू नका; इन्शुरन्स (डीलरला ब्लॅकजॅक लागेल यावरची जादा बोली) घेऊ नका. ब्लॅकजॅक लागल्यावर (पहिल्या दोन पत्त्यांतच २१ झाल्यावर) दोनाला तीन देतात की पाचाला सहा, ते आधी वाचा. पाचाला सहा असेल तर घराचा फायदा दीडेक टक्क्याने वाढतो, दुसरं टेबल बघा.

आता तीन पत्ती, जिला बोटीवर इंडियन फ्लश म्हणतात. दिवाळीत रात्ररात्र पत्ते कुटणाऱ्या कोल्हापुरी गड्याचे सगळ्यांत जास्त पैसे इथेच जातात आणि त्याला कारण आहे. घरी तो ब्लाइंड (पत्ते न बघता) खेळून, दमदाटीच्या चाली देऊन समोरच्याला पॅक करायला, म्हणजे डाव सोडायला, लावतो. बोटीवर समोर डीलर आहे. तो घाबरत नाही, पॅक करत नाही, तुमचा चेहराही बघत नाही. निम्मं कौशल्य जेटीवरच राहतं. उरतो तो पत्ता: २२,१०० संभाव्य हातांपैकी १६,४४० हातांत जोडीसुद्धा नसते, म्हणजे चारातले तीन वेळा हाती नुसता फुफाटा. डीलरला खेळायला किमान राणी लागते अशी पाटी असेल तर राणी-छक्की-चौकी किंवा त्यावरचं असेल तरच पुढे लावा, खाली असेल तर सोडा. जोडी किंवा ट्रेलवर (तीन सारखे पत्ते) वेगळी लावायची जी जादा बोली असते ती दिसायला गोड, खायला महाग.

मशीनबद्दल एवढंच: बोली छोटी असते पण तासाला चारशे-पाचशे वेळा बटण दाबलं जातं. दहाच्या बोलीने तासात चार-पाच हजार फिरतात.

दुप्पट करत जायची युक्ती गटातला एकजण तरी शोधून काढतोच. लालवर पाचशे, हरलं की हजार, मग दोन हजार. टेबलाची कमाल वीस हजार असेल तर सहा वेळा सलग हरल्यावर ३१,५०० गेलेले असतात आणि पुढचे बत्तीस हजार लावायला टेबलच परवानगी देत नाही. सहा सलग हार दोन शून्यांच्या चाकावर सत्तेचाळीस प्रयत्नांत एकदा, म्हणजे एका रात्रीत भेटण्याएवढी नेहमीची. एवढं सगळं पाचशे रुपयांच्या नफ्यासाठी.

दारू फुकट आणि न मागता येते, ती कशासाठी येते ते समजून घ्या. जेवण बऱ्यापैकी असतं. तांबड्या-पांढऱ्याची आठवण काढत भांडू नका, खाऊन घ्या. गटाने दर दीड तासाने बुफेजवळ जमायचं ठरवा. जो येत नाही त्याला उठवून आणायचं. पहिला लिफाफा संपलेला माणूस दुसरा घाईने फोडत असेल, आवाज चढलेला असेल, तर त्याला डेकवर न्या. परत आल्यावरही कुणाला सतत जायची ओढ लागली, कर्ज झालं, तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारची मानसिक आरोग्याची मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीत बोलता येतं. ‘सरावासाठी’ म्हणून मोबाईलवरच्या पैशांच्या खेळांत अडकू नका. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांवर बंदी आहे.

जिंकलात तर चिप्स काउंटरवर बदला आणि पावती मागून घ्या. जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. तुमचं एकूण उत्पन्न कितीही कमी असो. दुसऱ्या टेबलावर हरलेले पैसे किंवा प्रवासखर्च त्यातून वजा करता येत नाही. रोख रक्कम बँकेत भरताना हीच पावती कामाला येते.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत गाडी काढायची घाई करू नका. आदल्या रात्रीची उतरलेली नसताना आंबोलीचा घाट चढू नये. गोव्यातली स्वस्त दारू डिकीत घालून आणायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्कवाल्यांचं तपासणी नाकं आहे. एका बाटलीपायी गाडीसकट अडकाल. त्यापेक्षा म्हापसा ते पेडणे या पट्ट्यात पेट्रोलची टाकी फुल्ल करून घ्या. कोल्हापूरपेक्षा तिथला भाव कमी असतो.