मुंबईच्या सर्व्हरचे आकडे गावातल्या काट्यापाशी

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा सर्व्हर मुंबईत, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर आहे. त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे, आणि मी राहते यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात, जिथे लाईन कधी जाईल याचा नेम नाही. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, होऊन वेचणीला जोर आला की सकाळी आठपासून केंद्रावर कापसाच्या गाड्या लागतात. मागच्या हंगामात दुपार झाली की काटापट्टीचं, म्हणजे वजनाच्या पावतीचं, पान उघडता उघडत नसे. सर्व्हर चालू, लॉगमध्ये एकही एरर नाही, तरी सगळं सुस्त.

केंद्र सांभाळणारे काकाजी म्हणाले, "पोरी, मले तुये ग्राफ नोको दाखवू. येवढंच सांग, पट्टी कम्पुटरवर फाडू का हातानं लिवू?" पुढचं सगळं मी या प्रश्नावरून ठरवलं.

आमचा सर्व्हर टी-टू-स्मॉल. या जातीच्या छोट्या सर्व्हरला पूर्ण ताकद कायम मिळत नाही, क्रेडिटवर मिळते. एक क्रेडिट म्हणजे एक सीपीयू एक मिनिट पुऱ्या जोराने. तासाला १२ क्रेडिट जमा होतात, जास्तीत जास्त २८८ साठतात, आणि साठा संपला की सर्व्हर २० टक्क्यांवर येतो. टाकीसारखंच आहे हे: वरून बारीक धार, खालून मोठा नळ. पूर्ण जोरात चाललं तर तासाला ६० क्रेडिट जातात, १२ येतात, म्हणजे भरलेला साठा सहा तासांत खलास. आठला सुरू केलं की दोन वाजता सुस्ती. त्यातून साठा पूर्ण भरायला २४ तास लागतात, एक रात्र पुरत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी तीच सुस्ती जेवणाच्या आधीच येते. काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर शिल्लक क्रेडिटच्या एका आकड्यात होतं.

हा आकडा अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेत आपोआप जमा होतो, दर पाच मिनिटांनी. पण केंद्रावरच्या नेटवर तिचं पान उघडेपर्यंत चार गाड्या मोजून होतात. म्हणून काट्याजवळच्या खोलीत एक रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बसवला, त्यावर आकडे गोळा करणारा टेलिग्राफ, ते साठवणारा इन्फ्लक्सडीबी आणि ग्राफ दाखवणारा ग्राफाना टाकला. टेलिग्राफमध्ये क्लाउडवॉचचा प्लगिन, म्हणजे जोडणीचा भाग, तयारच असतो. तो आकडे आणून पायवर ठेवतो, म्हणजे नेट मध्येच गेलं तरी शेवटचा आकडा स्क्रीनवर असतो.

सगळ्यात आधी परवानगी. प्लगिनसाठी मी क्लाउडवर वेगळा यूजर आणि त्याची चावी, म्हणजे गुप्त कोड, काढली आणि त्याला दोनच हक्क दिले: मेट्रिकची (मोजल्या जाणाऱ्या आकड्यांची) यादी बघायचा आणि मेट्रिकचा डेटा वाचायचा. या हक्कांत अमुक एकाच सर्व्हरचे आकडे दाखव अशी अट घालता येत नाही. पण हे मशीन उघड्या केंद्रावर असतं, उद्या कोणी उचलून नेलं तरी त्या चावीने सर्व्हर बंद करता येणार नाही, हे माझ्यासाठी महत्त्वाचं.

ती चावी ठेवायची कुठे, यात बरेच जण अडकतात. आपल्या लॉगिनच्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवली तर टेस्ट कमांड झकास चालते, आकडे दिसतात. सर्व्हिस सुरू केली की मात्र 'क्रेडेन्शियल सापडत नाहीत'. कारण सर्व्हिस टेलिग्राफ नावाच्या स्वतंत्र यूजरखाली चालते आणि तो आपलं फोल्डर बघत नाही. ईटीसीखालच्या 'डिफॉल्ट' नावाच्या फोल्डरमध्ये (/etc/default) टेलिग्राफची फाइल असते. चावी तिथे लिहायची, फाइल बाकीच्यांना वाचता येणार नाही असं करायचं, सर्व्हिस पुन्हा सुरू करायची.

टेलिग्राफच्या कॉन्फिगमध्ये रीजन मुंबईचा. पिरियड (किती वेळाचा आकडा), डिले (किती उशिराने मागायचा) आणि इंटर्व्हल (किती वेळाने मागायचा) तिन्ही पाच मिनिटं. डिले लागतोच, कारण आकडा तयार होऊन मिळायला वेळ जातो आणि घाईने मागितलं तर रिकामं उत्तर येतं. मेट्रिकची नावं दिली नाहीत तर प्लगिन त्या नेमस्पेसमधलं, म्हणजे त्या गटातलं, सगळंच ओढून आणतो, आणि हे वाचन फुकट नाही: हजार मेट्रिकमागे ०.०१ डॉलर. पाच मिनिटांनी एक मेट्रिक म्हणजे दिवसाला २८८ वेळा, महिन्याला ८६४०, साधारण साडेआठ सेंट. मोजके आकडे मागितले तर काहीच नाही, पण शंभर मेट्रिक दर मिनिटाला मागितले तर महिन्याला चाळीसच्या वर डॉलर. शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून हा पैसा जातो. मी क्रेडिट बॅलन्स, सीपीयूचा वापर आणि स्टेटस चेक (सर्व्हर ठीक आहे का ते), एवढंच ठेवलं.

खरा त्रास लाईनीचा होता. आमच्या पायमध्ये घड्याळाची बॅटरी नाही. लाईन येते, पाय लगेच सुरू होतो, नेटला वेळ लागतो, आणि तोवर पायचं घड्याळ मागेच असतं. क्लाउडला जाणाऱ्या प्रत्येक विनंतीवर वेळेची सही असते आणि साधारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ती नाकारली जाते. लॉगमध्ये 'सिग्नेचर एक्सपायर्ड' दिसतं आणि माणूस उगाच चावी तपासत बसतो. डीएस-३२३१ नावाचं नाणेसेलवर चालणारं छोटं घड्याळ जोडलं, आणि वेळ जुळल्याशिवाय टेलिग्राफ सुरूच होऊ नये असंही सर्व्हिसमध्ये लिहिलं.

लाईन नसतानाचे आकडे मात्र ग्राफमध्ये येत नाहीत. पाय पुन्हा सुरू झाल्यावर प्लगिन शेवटच्या पाच मिनिटांचंच मागतो, मागचं भरून काढत नाही. क्लाउडवॉचकडे पाच मिनिटांचे आकडे ६३ दिवस असतात, लागलं तर तिथे बघता येतं. ग्राफानात मोकळी जागा मोकळीच ठेवली, शून्य भरू दिलं नाही. शून्य दिसलं असतं तर क्रेडिट संपले समजून काकाजींनी विनाकारण वही काढली असती. आणि अलार्म तर मी पायवर ठेवलाच नाही. तो क्लाउडवॉचमध्येच लावला, साठा ६० च्या खाली गेला की मेल येतो. गावात अंधार असला तरी अलार्म मुंबईत जागा असतो.

काकाजींच्या स्क्रीनवर आता एकच मोठा आकडा आहे: हिरवा असला तर कॉम्प्युटर, लाल झाला तर वही. लाल व्हायच्या आत, गर्दी ओळखून, काकाजी स्वतःच रिपोर्ट काढायचं काम रात्रीवर ढकलतात. तुरीच्या खरेदीआधी मेमरीचे आकडेही घ्यायचेत. ते आपोआप मिळत नाहीत, त्यासाठी सर्व्हरवर क्लाउडवॉचचा एजंट टाकावा लागतो. त्याचा खर्च संचालकांच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे.