सिंहगड उतरल्यावरचं ताट: मार्च ते जुलैच्या नोंदी

मागच्या वेळी चढाईच्या वेळा आणि गुडघ्यांबद्दल लिहिलं होतं, पण विचारणा झाली ती वेगळीच: "ताई, उतरल्यावर खाता काय?" म्हणून या खेपेला घड्याळ बाजूला ठेवलं आहे. मार्चपासून दर रविवारी पायथ्याच्या आतकरवाडीतून गडाचा पुणे दरवाजा गाठून परत खाली आल्यावर काय प्यायले, काय खाल्लं आणि पुढच्या वेळी पर्वतीची टेकडी चढताना पाय कसे होते, एवढंच वहीत टिपत गेले.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. वजन ६८ किलोच्या आसपास, पन्नाशी अजून दोन पावलं लांब, अंडी खाते, मांस-मासे नाही. रविवारी गड, मंगळवारी-गुरुवारी पर्वती, एक दिवस घरी डंबेल्स. पाऊस सरला की चांदण्या रात्री कात्रज-सिंहगड हा टेकड्यांवरचा ट्रेक करायचा आहे. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडाच्या घाटरस्त्यापर्यंतच्या टेकड्या काही जण तेरा मोजतात, काही जण मध्येच मोजणं सोडून देतात.

आधी काटा

घरातला वजनकाटा गाडीच्या डिकीत टाकून पायथ्याशी न्यायचा, हा उद्योग एप्रिलमध्ये सुरू केला. पार्किंगवाल्या दादांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, आंबे विकायला आणलेत का?" हसू दे, पण एवढी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. चढायच्या आधी वजन, उतरल्यावर घाम पुसून कोरडे कपडे घालून पुन्हा वजन. भिजलेला टी-शर्ट अंगावर ठेवलात तर सगळा हिशेब चुकतो, कारण निम्मा घाम त्याच्यातच बसलेला असतो.

मे महिन्यातला एक नमुना देते. चढण्याआधी ६८.४, उतरल्यावर ६७.०. वाटेत ७०० मिली पाणी पोटात गेलं होतं. एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर, तेव्हा घाम झाला साधारण २.१ लिटर. वजन उतरलं म्हणून खूश व्हायचं कारण नाही, त्यात चरबी जेमतेम चिमूटभर असते. बाकी सगळं पाणी, आणि ते परत भरायचं असतं.

भरायचं किती? क्रीडा-आहारातला रूढ नियम असा की जेवढे किलो घटले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर, पुढच्या काही तासांत, थोडं थोडं करून. १.४ किलो घटले तर पावणेदोन ते दोन लिटर. वरचा पाव-अर्धा भाग अशासाठी की प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे जाणारच.

मे: पाणी विरुद्ध ताक

एका रविवारी नुसतं पाणी, पुढच्या रविवारी ताक आणि पाणी, असं महिनाभर आलटून पालटून केलं. नुसत्या पाण्याच्या दिवशी खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत पोचेतो लघवीसाठी गाडी थांबवायची वेळ यायची, आणि दुपारी डोकं जड. ताकाच्या दिवशी यातलं काही नाही, आणि दुपारच्या काट्यावर वजनही जास्त भरून आलेलं दिसायचं. एका शरीरावरचा प्रयोग आहे, पुरावा म्हणून कोर्टात चालणार नाही, पण यामागचं कारण पक्कं आहे. घामातून पाण्याबरोबर सोडियम जातं. वरून नुसतं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालं, आणि ती ते बाहेर काढून टाकतात. तहानही लवकर मिटते, त्यामुळे आपण पिणंही थांबवतो.

एका लिटर घामात सोडियम साधारण एक ग्रॅमच्या आगेमागे असतं, माणसागणिक बराच फरक पडतो. काळ्या टी-शर्टवर पांढरे नकाशे उमटत असतील तर तुमचा घाम खारट गोटातला. माझ्या २.१ लिटरला दोन ग्रॅम सोडियम धरलं तर ते होतं पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. हे सगळं पायथ्यालाच भरून काढायचं नाही. पाव चमचा मीठ घातलेलं एक ग्लास ताक प्यायलं की अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त सोडियम मिळतं. दोन ग्लास ताक, मग जेवणातलं मीठ, तोंडी लावलेला ठेचा आणि लोणचं, एवढ्यात काम होतं. वाटेवरच्या ताकवाल्या मावशींना मी "मीठ जरा सढळ" म्हटलं की त्या आधी विचारतात, "बीपी नाही ना तुम्हाला?" बरोबरच विचारतात. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हा मिठाचा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नये.

आमच्या गटातले एक काका "पाणी जेवढं जास्त तेवढं चांगलं" या मताचे. त्यांच्यासाठी एक दाखला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम घातक दिशेने उतरलेलं निघालं, आणि धावताना वजन घटण्याऐवजी वाढलेल्यांमध्ये हे प्रमाण ठळक होतं. म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेले. काकांनी वाचलं, "बरं" म्हणाले, आणि दुसरी बाटली उघडली.

लिंबू सरबत ताकाच्या खालोखाल, पण मीठ आणि साखर दोन्ही असेल तरच. नुसतं गोड सरबत म्हणजे खाऊ. शहाळ्याबद्दल आपल्याकडे फार श्रद्धा आहे. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम मात्र बेताचं, आणि आपलं गेलेलं असतं ते मुख्यतः सोडियम. शहाळं प्या, सोबत खारे शेंगदाणे खा. उसाचा रस साखरेसाठी उत्तम. पाव लिटरच्या ग्लासात तीसेक ग्रॅम साखर सहज असते, आणि रसवंतीवाले मीठ-लिंबू-आलं घालतातच. फक्त बर्फ नको म्हणून सांगा.

दोन लिटरहून जास्त घाम गेला, उन्हात चक्कर आल्यासारखं झालं, तर सरळ ओआरएस. एक पुडी, एक लिटर पाणी, चवीसाठी कमीजास्त नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. थोडी साखर असली की आतड्यातून सोडियम आणि पाणी जोडीने आत ओढलं जातं, हीच त्यातली सगळी करामत. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटून असंख्य जीव वाचवले. दुकानातल्या खोक्यांमधल्या गोड पेयांवर "ओआरएस" अक्षरं मिरवायची पद्धत होती. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ती बंद करायला सांगितली. तरी पुडीवरचं सूत्र वाचूनच घ्या.

चहा? उतरल्यावर पहिला कटिंग कोणाला चुकला आहे! चहाने शरीरातलं पाणी आटतं हा समज फारसा खरा नाही. २०१६ साली तेरा पेयं पाजून लघवी मोजणारा एक अभ्यास झाला, त्यात चहा पाण्याच्या बरोबरीचाच ठरला, आणि दूध व ओआरएस पाण्याच्या पुढे गेले. चहाची अडचण वेगळी: जेवणाबरोबर घेतला तर भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागू देत नाही. माझं हिमोग्लोबिन नेहमी काठावर असतं, म्हणून चहा आधी, जेवण तासाभराने, आणि जेवणावर लिंबू पिळायचं.

पिठलं-भाकरीचा हिशेब

जिमवाल्या भाच्याने मला डबाभर पावडर आणून देण्याची तयारी दाखवली होती. त्याला म्हटलं, आधी गडावरच्या ताटाचा हिशेब करू. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पीठ साधारण १२० ग्रॅम: प्रथिनं १२ ग्रॅम. पिठल्यात माझ्या वाटणीचं बेसन ४० ग्रॅम धरलं तर आणखी ९. मडक्यातलं दही वाटीभर: ५. बेरीज २६. एका वेळी वजनाच्या किलोमागे पाव ते ०.३ ग्रॅम प्रथिनं पुरेशी मानतात, म्हणजे मला १७ ते २० ग्रॅम लागतात. ताट पास, तेही चांगल्या मार्कांनी. शिवाय प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी लायसिन ज्वारीत कमी असतं ते हरभऱ्यात भरपूर, आणि हरभऱ्यात जे मेथिओनिन कमी ते ज्वारी पुरवते. कर्बोदकं शंभर ग्रॅमच्या आसपास. वर ठेच्याचं आणि दह्यातलं मीठ.

खेकडा भजी याच ताटात बसवायचा मोह होतो. मनाई नाही. पण तळणाने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, पाणी आणि बाकीचं जेवण आत पोचायला उशीर होतो, आणि कांद्याला लावलेल्या त्या चमचाभर बेसनात प्रथिनं ती किती असणार. म्हणून माझ्याकडे नियम एवढाच: आधी ताक, मग पिठलं, मग उरलेल्या जागेत भजी. जागा उरत नाही असं सांगायला आवडलं असतं.

भाच्याचा दुसरा मुद्दा अर्ध्या तासाचा. व्यायाम संपल्यावर तीस मिनिटांत प्रथिनं गेली नाहीत तर सगळी मेहनत पाण्यात, असं त्याच्या जिममध्ये सांगतात. २०१३ मध्ये या विषयावरचे बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा दिवसभरातली एकूण प्रथिनं सारखी धरल्यावर वेळेचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. माझ्या वहीतही तेच दिसतं. पायथ्याशी लगेच खाल्लेले रविवार आणि दीड तासाने घरी येऊन खाल्लेले रविवार यांत मंगळवारच्या पर्वतीला काडीचा फरक नाही. हां, पहाटे उपाशीपोटी चढत असाल तर फार ताटकळू नका. आदल्या रात्रीच्या जेवणाला तोवर दहा-बारा तास झालेले असतात.

फरक पडला तो रोजच्या ताटाने. भारतीय शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, म्हणजे मला ५६. ही झाली सर्वसाधारण माणसाची गरज. आठवड्यातून चार दिवस अंग मोडून काम करणाऱ्याला १.२ ते १.६ लागतात, म्हणजे ८२ ते १०९. एप्रिलमध्ये मोजलं तेव्हा रविवारी मी आरामात त्यात होते, आणि बुधवारी पोहे, वरण-भात, पोळी-भेंडी करून पन्नासच्या आत. मग जूनपासून साधे बदल केले: पोह्यांबरोबर दोन उकडलेली अंडी, दुपारी मटकीची किंवा चवळीची उसळ आमटीइतकी पातळ न करता, चार वाजता मूठभर फुटाणे, रात्री भाजीत सोयाबीनच्या वड्या. वड्या घरात कोणाला आवडत नाहीत, पण ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम प्रथिनं असतात, तेव्हा मसाला वाढवून काम निभावते. आता ऐंशीच्या पुढे असते. उतरताना मांड्या थरथरायच्या ते बरंच कमी झालं. थोडं श्रेय सरावालाही द्यायला हवं.

घाई कोणाला असावी

ज्याला त्याच दिवशी पुन्हा राबायचं आहे, त्याला. स्नायूंमधला साखरेचा साठा, ग्लायकोजेन, पुरता रिकामा झाला तर भरायला नीट खाऊनही जवळपास दिवस जातो. पुढचा व्यायाम मंगळवारी असेल तर तो आपोआप भरतो. संध्याकाळीच असेल तर पहिले चार तास किलोमागे तासाला एक ग्रॅमभर कर्बोदकं पोटात ढकलत राहावी लागतात.

कोल्हापूरच्या तालमीतला खुराक यामुळेच तसा आहे. पहाटे जोर-बैठका आणि मातीतली लढत, संध्याकाळी पुन्हा मेहनत. मधल्या वेळात कुंडीत घोटलेली थंडाई: बदाम, खसखस, मगज, बडीशेप, दूध, साखर. पाणी, साखर, प्रथिनं आणि दुधातलं थोडं मीठ, सगळं एका लोट्यात, चावायचे कष्टही नाहीत. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण म्हशीचं दूध पिणारे पाहिले की आपल्यालाही जोर चढतो, पण न तापवलेलं दूध मी कोणाला सुचवणार नाही, आणि आठवड्यातून एकदा गड चढणाऱ्याने पैलवानाचा खुराक घेतला तर तो कंबरेलाच लागेल.

जुलै

पाऊस लागल्यापासून सगळ्यांचं पिणं थांबलं आहे. घाम दिसत नाही म्हणजे गेला नाही असं नव्हे. रेनकोटच्या आत उकडतंच. धुक्यातल्या रविवारीही काटा ८०० ग्रॅमच्या आसपास खाली दाखवतो. थंडगार ताक नको वाटतं, म्हणून कढी किंवा मुगाचं गरम कढण थर्मासमध्ये नेते. भाजलेलं कणीस मीठ-लिंबू चोळून, हा जुलैचा माझा सर्वात आवडता शोध. शोध कसला, सगळा पुणे जिल्हा तेच खातो.

उतरल्यावर बिअर हा काहींचा रिवाज आहे. दारूने स्नायूंची दुरुस्ती मंदावते, एवढं सांगून विषय सोडते.

कात्रज-सिंहगडसाठीची यादी अजून पक्की नाही. त्या रात्री चालता चालताच खायचं आहे, म्हणून गुळाच्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, खारे दाणे, ओआरएसच्या दोन पुड्या ठरल्या आहेत. सकाळी पोचल्यावर घाई नाही, पुढचे दोन दिवस सुट्टीच. अडलं आहे ते ताकावर. उन्हाळ्यात पाठीवरच्या बाटलीत ताक आंबून टोपण उडतं. ऑक्टोबरच्या रात्री ते पहाटेपर्यंत टिकतं का, आणि स्टीलच्या बाटलीत न्यावं की पातळ करून मीठ घालून, हे कोणी करून पाहिलं असेल तर जरूर कळवा.