स्ट्रोकनंतर "चालणार कधी?"
पेशंटच्या घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, पण आम्ही फिजिओ आधी बघतो ते बसणं, म्हणजे बेडच्या कडेला आधाराशिवाय 30 सेकंद बसता येतंय का आणि लुळा पडलेला पाय थोडा तरी हलतोय का, कारण पहिल्या 72 तासांत या दोन्ही गोष्टी जमल्या तर सहा महिन्यांनी स्वतःचं स्वतः चालण्याची शक्यता खूपच चांगली असते. तोल मोजायची बर्ग स्केल वगैरे आहेच, 14 कामं, एकूण 56 मार्क, पण जो धड बसूच शकत नाही त्याला त्यात जेमतेम शून्य-एक मिळतात, मग त्यातून कळणार काय? तिथे पीएएसएस (स्ट्रोकच्या पेशंटसाठीचीच तोल मोजायची स्केल) बरी वाटते मला, त्यात कूस बदलणं, उठून बसणं पण मोजतात. आणि हो, बसवायच्या आधी बीपी बघा.