आयपॅडवर बीटा टाकण्याआधी आणि नंतर

दिवाळी अंकांची प्रूफं तपासायची म्हणजे एकीकडे लेखकाची मूळ प्रत आणि दुसरीकडे लावलेली पानं, दोन्ही सतत डोळ्यांसमोर लागतात. आयपॅडवर हे आजवर जेमतेम जमायचं. ९ जून २०२५ ला ॲपलने आयपॅडची नवी प्रणाली, आयपॅडओएस २६, दाखवली. खिडक्या हव्या तशा लहानमोठ्या करून शेजारी शेजारी मांडता येतील, वर मेनूबार असेल, हे कळल्यावर मला राहवेना. अंतिम आवृत्ती सप्टेंबरमध्ये येणार, आणि आमचं काम तर जुलैपासूनच ऐन भरात असतं.

तरी जूनमध्ये काही टाकलं नाही. बीटा म्हणजे अंतिम रूपाआधीची चाचणीची आवृत्ती. त्यातला डेव्हलपर बीटा घोषणेच्याच दिवशी मिळतो आणि २०२३ पासून त्यासाठी पैसेही मोजावे लागत नाहीत. पण तो ॲप बनवणाऱ्यांसाठी असतो. त्यांना आपलं ॲप नव्या प्रणालीवर चालवून बघायचं असतं. मला मेनूबार बघायचा होता, त्यासाठी सगळ्यात कच्ची आवृत्ती कशाला? सर्वसामान्यांसाठीचा पब्लिक बीटा २४ जुलैला आला. मधला वेळ तयारीला मिळाला आणि खरं काम तेवढ्यातच झालं.

पहिला प्रश्न, कोणतं यंत्र? उद्या सकाळी हे चालूच झालं नाही तर काय अडेल, एवढंच मी स्वतःला विचारलं. फोन अडला तर यूपीआय, बँकेचे ओटीपी, आईच्या डॉक्टरांचे निरोप, सगळंच अडलं असतं. फोन बाद. नवव्या पिढीचा माझा आयपॅड अडला, तर गैरसोय झाली असती पण प्रूफं लॅपटॉपवर निभावली असती. म्हणून आयपॅड. घरात एकच यंत्र असेल आणि त्यावर पोट अवलंबून असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: बीटाच्या वाटेला जाऊ नये.

आता बॅकअप. हे नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं इथेच अडतं. नव्या प्रणालीवर घेतलेला बॅकअप जुन्या प्रणालीवर परत चढत नाही. बीटा टाकल्यावर आयक्लाउड रोज रात्री इमानेइतबारे बॅकअप घेत राहतं, पण ते बॅकअप बीटाचे असतात. परत फिरायची वेळ आली की त्यांचा उपयोग शून्य. म्हणून बीटा टाकायच्या आधी, जुनीच आवृत्ती असताना, कॉम्प्युटरवर बॅकअप घ्यायचा आणि तो बाजूला काढून ठेवायचा. बहिणीच्या मॅकवर मी हे केलं. आयपॅड केबलने जोडला, फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकच्या फायली दाखवणाऱ्या ॲपमध्ये, पूर्ण बॅकअप निवडला आणि तो एन्क्रिप्ट करायच्या, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद करायच्या, चौकटीवर खूण केली. एन्क्रिप्ट केला तरच साठवलेले पासवर्ड बॅकअपमध्ये येतात. मात्र एन्क्रिप्शनचा पासवर्ड विसरलात तर तो बॅकअप उघडणारच नाही; मी तो वहीत लिहून ठेवला. मग बॅकअपांच्या यादीत त्या नावावर राइट क्लिक करून ‘अर्काइव्ह’ केलं. अर्काइव्ह केलेल्या बॅकअपवर पुढचा बॅकअप चढून बसत नाही. यादीत त्याच्यापुढे तारीख दिसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

प्रत्यक्ष टाकणं अगदी सोपं. ॲपलच्या बीटा कार्यक्रमात स्वतःच्या खात्याने नाव नोंदवलं. मग सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, आणि तिथे ‘बीटा अपडेट्स’मध्ये पब्लिक बीटा निवडला. पूर्वी यासाठी प्रोफाइल नावाची फाइल टाकावी लागे. २०२३ च्या १६.४ आवृत्तीपासून ही निवड सेटिंग्जमध्येच आली आहे. त्यामुळे कुणी ओळखीने अशी प्रोफाइल पाठवली तर ती टाकू नका. अनोळखी प्रोफाइल म्हणजे आपल्या यंत्राच्या किल्ल्या परक्याच्या हाती.

सुरुवातीला आयपॅड गरम लागला, बॅटरीही भराभर उतरली. मोठ्या अपडेटनंतर यंत्र आतल्या फायली, फोटो नव्याने चाळत असतं, म्हणून मी त्याला रात्रभर चार्जरवर सोडून दिलं. खिडक्यांचं मात्र मन भरून कौतुक करावंसं वाटतं. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे पान, खाली छोट्या खिडकीत शुद्धलेखनाचे नियम. डोळे इतके कमी शिणले की पहिल्या फॉर्मची (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाची) प्रूफं एका बैठकीत झाली.

मग एक अडचण दिसली. पीडीएफवर खुणा करण्याच्या माझ्या ॲपमध्ये टिपण लिहिताना, खिडकी अरुंद केली की ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द ओळीच्या टोकाला तुटू लागले. ऱ पायमोडका होऊन वर राहायचा आणि ‘या’ जायचा खालच्या ओळीत. प्रूफवाल्याला याहून वाईट दृश्य नाही! दोष कुणाचा हे आधी तपासलं. तेच शब्द, तेवढ्याच रुंदीत, नोट्समध्ये लिहिले. तिथे ठीक होते. म्हणजे गोष्ट त्या ॲपची. मी ॲपवाल्यांना लिहिलं. त्यांना मराठी येत असेल हे गृहीत न धरता, युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा ऱ, पुढे हलन्त, पुढे य, हा गट ओळीच्या टोकाला तुटता कामा नये असं सांगितलं. दोन्ही ॲपांतली चित्रं शेजारी लावली. प्रणालीचाच दोष असता तर बीटासोबत येणाऱ्या फीडबॅक असिस्टंटमधून कळवला असता. तिथे जोडल्या जाणाऱ्या निदान-फायलीत खासगी माहितीही असू शकते, म्हणून पाठवण्याआधी ती सूचना वाचावी. पण कळवावं नक्की. मराठीच्या अडचणी मराठीत लिहिणाऱ्यांनी कळवल्या नाहीत तर त्या कोण कळवणार?

माझ्या एका सहकारिणीकडे गूगलचा पिक्सेल फोन आहे. अँड्रॉइडच्या बीटात शिरणं असंच सोपं, पण अंतिम आवृत्ती येण्याआधी बाहेर पडलात तर फोन पूर्ण पुसला जातो. तिने डेव्हलपर ऑप्शन्समधला ‘डीएसयू लोडर’ वापरला. त्यात चाचणीची प्रणाली वेगळ्या जागेत उतरते आणि फोन रीस्टार्ट केला की मूळ प्रणाली जशीच्या तशी. नुसतं बघायचं असेल तर मला हा मार्ग जास्त आवडला.

ऑगस्टमध्ये अंकाची शेवटची पानं सुरू झाली आणि टिपणं तुटणं परवडणारं नव्हतं, म्हणून परत फिरले. बीटाच्या काळात केलेलं काम जुन्या बॅकअपमध्ये नसणार, हे लक्षात घेऊन त्या सगळ्या पीडीएफ आधी लॅपटॉपवर उतरवल्या. आयपॅड मॅकला जोडला आणि होम व वरचं बटण एकत्र दाबून धरलं, केबलचं चित्र येईपर्यंत. ‘अपडेट’ आणि ‘रिस्टोअर’ यांतलं ‘रिस्टोअर’ निवडलं. फाइल काही जीबींची आणि घरचं इंटरनेट संथ. पंधरा मिनिटांच्या वर गेलं तर आयपॅड त्या पडद्यातून आपोआप बाहेर येतो. तसंच झालं, पण घाबरायचं कारण नसतं: डाउनलोड पुरं होऊ द्यायचं, आयपॅड बंद करायचा आणि तीच बटणं पुन्हा धरायची. सुरू झाल्यावर त्याने ॲपल खात्याचा पासवर्ड मागितला, मग जुलैचा अर्काइव्ह केलेला बॅकअप चढवला. खुणा, फायली, पासवर्ड, सगळं जागेवर.

१५ सप्टेंबरला अंतिम आवृत्ती आली. अंक छापायला गेल्यावर मी ती नेहमीच्या अपडेटसारखी टाकली, ‘बीटा अपडेट्स’ बंद आहे ना ते बघूनच. ते चालू राहिलं असतं तर पुढच्या २६.१ चा बीटा येऊन बसला असता.