मे महिना, कार्बनचं ब्लेड आणि स्वयंपाकघरातलं लाटणं

रावेरकडचे एक केळीबागायतदार परवा मुलाला घेऊन घरी आले. मुलगा १२ वर्षांचा. जळगावात मामाकडे राहतो आणि संध्याकाळी आमच्याकडे टेबल टेनिस शिकायला येतो. सुट्टीत पंधरा दिवस गावी गेला होता, तेव्हा वडिलांनी कौतुकाने नवी बॅट घेऊन दिली. कार्बनचं ब्लेड, म्हणजे बॅटीची फळी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेलं जाड स्पंजचं महागडं रबर. "ताई, पोरगं म्हणे कार्बनचीच पाहिजे. आता म्हणतो, बॉल टेबलावर पडतच नाही. काय करून राहिला काय माहीत!"

मी बॅट हातात घेतली, फोरहँडच्या रबरावरून अंगठा फिरवला. मधोमध रुपयाएवढा फुगा. "गावी कुठे ठेवायचास रे ही?" तर म्हणाला, "बोलेरोत, पुढच्या काचेखाली."

बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीच्या काचेखाली काय होत असेल, ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. ग्लू सुटला होता, स्पंज लाकडापासून उचलला गेला होता. पोराचा चेहरा उतरला. त्याची काही चूक नव्हती, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

आधी लाकडाचं. ब्लेड म्हणजे रबर काढल्यावर उरते ती लाकडी फळी आणि मूठ. नियमाप्रमाणे ब्लेडच्या जाडीतला किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा लागतो. कार्बन असतो तो मध्ये कागदासारखा पातळ थर. त्याने ब्लेड ताठ होतं आणि बॉल पटकन सुटतो. ज्याचा स्ट्रोक पक्का बसलाय त्याला हे वरदान. ज्याचा हात अजून घडतोय, त्याच्या बॅटीवरून बॉल काही कळायच्या आत निघून जातो. मग मूल नकळत हात आखडतं, अर्धाच स्ट्रोक मारतं, आणि ती सवय मोडायला नंतर दोन वर्षं जातात. मी हे इतक्या मुलांमध्ये पाहिलंय की आता पालकांशी अक्षरशः भांडते. पहिली तीन-चार वर्षं पाच थरांचं साधं, ऑलराउंड लाकूड. स्टिगाचं ऑलराउंड क्लासिक घ्या किंवा त्या जातीचं दुसरं कुठलंही. ब्लेडचं वजन ८५ ग्रॅमच्या आसपास, लहान मुलाला त्याहून कमी. दोन्ही रबरं लागली की बॅट १७०-१८० ग्रॅमवर जाते आणि तेवढं वजन त्या कोवळ्या मनगटाला तासभर पेलायचं असतं.

दुकानात ब्लेड घेताना मी ते कानाशी धरून बॉलने हलकेच ठोकते. उन्हाळ्यात माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, तसं. आवाज बारीक, टणक आला तर ब्लेड ताठ आणि वेगवान. खालच्या पट्टीतला, भरीव आला तर मऊ आणि संथ. मुलांसाठी मला तो दुसरा आवाज हवा असतो.

मी मूळची भुसावळची. अप्पा रेल्वेत होते, आणि रेल्वे इन्स्टिट्यूटच्या टेबलावर मी पहिली सर्व्हिस केली ती त्यांच्या जुन्या बॅटीने. नुसतं दाण्यांचं रबर, खाली स्पंज नाही. प्रत्येक फटक्याला टक्-टक् आवाज. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली तेव्हा अप्पा शाळेत होते. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरी जिंकून गेला, ही गोष्ट ते आम्हाला कितीदा सांगायचे. त्यांना नवल वाटायचं ते आवाजाचं. बॉल बॅटीवर आदळतोय आणि आवाजच नाही! समोरच्याने कानावर तरी विसंबायचं कसं? पुढे १९५९ मध्ये नियमाने स्पंजला लगाम घातला. आजही स्पंज, वरचं रबर आणि ग्लू मिळून जाडी ४ मिलिमीटरच्या वर चालत नाही.

रबराच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: मुलांना मऊसर स्पंज, जाडी १.८ किंवा फार तर २ मिलिमीटर. यासाकाचं मार्क फाइव्ह १९६९ पासून बाजारात आहे आणि अजूनही शिकणाऱ्याला पुरून उरतं. पाकिटावरचे कडकपणाचे आकडे बघताना जपा. चिनी ३९ आणि युरोपियन ४२ यांची तुलना करू नका, दोन्हींची मोजपट्टी वेगळी. चिनी ३९ हाताला जास्त कडक लागतं. हरिकेन थ्रीसारखं चिकट चिनी रबर कंबरेतून, पूर्ण अंग वळवून मारणाऱ्यालाच साथ देतं. शिवाय आपल्याकडे त्याची वेगळीच अडचण आहे. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की कापसाचे तंतू हवेत असतात, आणि चिकट रबर ते झेलत बसतं. दोन गेम झाले की बॅटीला मिशा फुटलेल्या. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मनिका बत्राने एकेरीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून मुली बॅकहँडला तिच्यासारखं लाँग पिंपल, म्हणजे लांब दाण्यांचं रबर, मागतात. तिचा खेळ मलाही फार आवडतो. पण आधी दोन्ही बाजूंनी टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने गिरकी देणारा फटका, यायला हवा, पिंपल नंतर.

रबर घेताना मुठीजवळचा आयटीटीएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचा, शिक्का आणि नंबर बघा. चिकटवतानाही तो मुठीकडे, दिसेल असाच ठेवायचा, पंच तपासतात. नामांकित रबरांच्या नकला सर्रास मिळतात. फार स्वस्त दिसलं तर मी हात लावत नाही.

आता निगा. खेळून झालं की साध्या पाण्याने किंचित ओल्या केलेल्या मऊ स्पंजने पुसायचं, सावलीत सुकू द्यायचं, वर प्लास्टिकची फिल्म लावून बॅट केसमध्ये. बस. साबण नाही, सॅनिटायझर नाही, स्पिरिट तर नाहीच. स्पर्धेत दुपारी शेवभाजी खाल्लेल्या हाताने रबर पुसणारी मुलं बघितली की माझा जीव वरखाली होतो. तेल रबराचा वैरी आहे. केस स्कूटरच्या डिकीत, गच्चीवरच्या खोलीत, गाडीत ठेवायची नाही. आमच्या घरी बॅटी धान्याच्या कोठीशेजारच्या फडताळात असतात, घरातली सगळ्यात थंड जागा ती.

कूलरबद्दलही सांगते. मे महिन्यात हॉलमध्ये कूलर लावल्याशिवाय उभं राहवत नाही, पण त्याची ओलसर हवा रबरावर बसते आणि बॉल घसरायला लागतो. पोरं म्हणतात, "ताई, आज स्पिनच बसत नाही." हाताचा दोष नसतो तो. कोरडा टॉवेल जवळ ठेवा आणि कूलरचं तोंड टेबलाकडे करू नका. २.७ ग्रॅमचा बॉल, झोताबरोबर वाहवत जातो.

रबर कधी बदलायचं? बॉल आधी रबराच्या कडेवर दाबून सरकवायचा, मग मध्यावर. कडेला अडतो आणि मध्ये गुळगुळीत निसटतो, तर ते रबर संपलं. रोज तासभर खेळणाऱ्याचं पाच-सहा महिन्यांत संपतं.

आमच्या काळी रबर सायकलच्या दुकानातल्या पंक्चरच्या सोल्युशनने लावायचे. स्पंज फुगायचा, बॉल गोळीसारखा सुटायचा आणि वासाने डोकं दुखायचं. बीजिंग ऑलिम्पिकनंतर, २००८ मध्ये, असले वाफाळणारे ग्लू बंद झाले. आता पाण्याचा ग्लू. स्पंजवर आणि लाकडावर पातळ थर द्यायचा. दुधासारखा पांढरा असतो, वाळला की पारदर्शक होतो. पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय चिकटवायचं नाही. मे महिन्यात काही मिनिटांत होतो, श्रावणात वाट बघावी लागते.

त्या दिवशी वडील चहा घेत होते तोवर मी फडताळातून माझं जुनं पाच थरांचं ब्लेड काढलं. कार्बनचं केसमध्ये ठेवून वडिलांच्या हातात दिलं, म्हटलं, "हे चार वर्षं कपाटात राहू द्या, पोराच्या कामी येईल." ती जाड रबरंही त्याच्यासोबत ठेवली आणि घरात पडून असलेली १.८ ची दोन काढली. ग्लू पोरानेच लावला, पांढरा रंग जाईपर्यंत वाकून बघत बसला. मग ओट्यावर बॅट ठेवून मी त्याच्या हातात लाटणं दिलं. मुठीकडून पुढे, पोळी लाटतो तसं, पण दाब न देता. एकही फुगा राहिला नाही. कात्रीने कडा मात्र मीच कापल्या.

सोमवारी संध्याकाळी त्याचे २३ फोरहँड सलग टेबलावर पडले. मोजत तोच होता, मोठ्याने.